मोकळा कामकरी

मयूरी ढोबळे ‘सांगाती’ कंपनीत लागली तेव्हा तिचा संबंध माणसांशी नव्हता, सर्व्हरशी होता. विदर्भातल्या घराघरांत एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे ही कंपनी मदतनीस पाठवायची. कुणाला आंघोळ घालायची, कुणाला औषध द्यायचं, कुणाजवळ नुसतं बसायचं. या साऱ्याचा कारभार ज्या सॉफ्टवेअरवर चालायचा ते अडखळू नये, एवढं पाहणं हे मयूरीचं काम. नागपुरात मिहानच्या उद्योगवसाहतीतल्या एका थंडगार खोलीत बसून ती ते चोख करायची.

तिच्या स्वतःच्या घरीही एक म्हातारं माणूस होतं. तिचे बाबा, पुंडलिक ढोबळे. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्यांची नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर, विशेषतः मयूरीची आई कुसुम गेल्यावर, त्यांची स्मृती हळूहळू विरत गेली. मयूरीचं लग्न मोडल्यावर ती बाबांकडेच राहायला आली होती. ती दिवसभर ऑफिसात, त्यामुळे बाबांना सांभाळायला इंदू सहारे यायची.

इंदू पन्नाशीची, ठेंगणी, बोलायला फटकळ. बाबांना तिची इतकी सवय झाली होती, की ती दारात चपला काढायची त्या आवाजावर ते उठून बसायचे. सकाळी कधीकधी त्यांना ड्यूटीवर जायची घाई सुटायची. डबा कुठे आहे, बस निघून जाईल, म्हणून ते हातपाय झाडायचे. मयूरी त्यांना समजावायची की बाबा, तुम्ही रिटायर झालात, आणि मग ते आणखी चिडायचे. इंदू आली की कमरेवर हात ठेवून म्हणायची, “आज तुमचा वीकली ऑफ हाय ना, साहेब.” बाबांचा चेहरा एकदम सैल व्हायचा. मग ते बशीत चहा ओतून शांतपणे प्यायचे.

कंपनी वाढत गेली तशी अडचणही वाढली. मागणी करणारी घरं भरमसाट आणि मदतनीस थोडे. एका बैठकीत कंपनीचे प्रमुख कौस्तुभ हस्तक वैतागून म्हणाले, की निम्म्या घरांत आपला माणूस नुसता बसून असतो. म्हातारा झोपलेला, टीव्ही चालू, आणि हा मोबाइल बघत बसलेला. त्याच वेळी चार गल्ल्या सोडून कुणीतरी पडलेलं असतं आणि तिथे पाठवायला आपल्याकडे कुणी नसतं.

मयूरी सहज बोलून गेली, “सर्व्हरमध्ये असं होत नाही.”

हस्तकांनी तिला ते नीट समजावून सांगायला लावलं. तिने फळ्यावर तीन चौकोन काढले. मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर असं तीन थरांत असतं. वर माणसासमोरचा पडदा, तळाला सगळी माहिती साठवणारा डेटाबेस, आणि मध्ये अॅप्लिकेशन सर्व्हर. खरं काम हा मधला करतो. पडद्यासमोर हजारो माणसं बसलेली असतात, पण त्यांची कामं करणारे सर्व्हरमधले कामकरी मोजकेच असतात. तरी प्रत्येकाला वाटतं, हे यंत्र माझ्या एकट्यासाठी चाललंय.

हे कसं जमतं? माणूस एक बटण दाबतो आणि मग बराच वेळ पडद्याकडे बघत विचार करत बसतो. तो विचार करत असताना त्याच्यासाठी कामकरी अडवून ठेवायचा नाही. सर्व्हरच्या दारात एक वाटप करणारा असतो, डिस्पॅचर. आलेली विनंती तो रांगेत लावतो आणि जो कामकरी मोकळा असेल त्याच्या हाती देतो. काम झालं की त्या माणसाचं कुठवर आलं होतं, काय भरलं होतं, काय राहिलं होतं, हा सगळा संदर्भ कामकरी बाजूला ठेवून देतो आणि दुसऱ्याच्या कामाला लागतो. पहिल्या माणसाने पुन्हा बटण दाबलं, की त्या वेळी जो मोकळा असेल तो कामकरी तोच संदर्भ उचलतो आणि पुढे चालू करतो. कामकरी बदलला हे माणसाला कळतही नाही. एका कामावर कुणी फार रेंगाळू लागला तर त्याला तिथून उठवलं जातं, कारण मागे रांग असते.

 हस्तकांनी विचारलं, की माणसांच्या बाबतीत असं करायला काय हरकत आहे?

“संदर्भ,” मयूरी म्हणाली. “तो माणसाच्या डोक्यात असतो. बाजूला काढून ठेवता येत नाही.”

वर्षभरात तो काढून ठेवता येऊ लागला. कानात बसणारं एक छोटं यंत्र आलं, मदतनीस त्याला मणी म्हणू लागले. मणी घरातलं सगळं ऐकायचा. गळ्यातल्या ओळखपत्रावरचा कॅमेरा बघायचा. कोणत्या वाक्यावर म्हातारी हसली, कोणत्या नावाला रडली, गोळी कशात लपवून दिली, गोष्ट कुठे थांबली, हे सारं तो गाळून, दाबून, संदर्भ म्हणून सर्व्हरवर ठेवायचा. पुढचा मदतनीस दारातून आत शिरला की तोच संदर्भ त्याच्या कानात कुजबुजायला लागायचा. वाक्य बोलायच्या क्षणभर आधी वाक्य हजर. डिस्पॅचर आता माणसांना वाटू लागला. जो मोकळा, जो जवळ, त्याला पुढची विनंती.

आणि त्याचा उपयोग झाला, हे नाकारता येत नव्हतं. पूर्वी पडलेला माणूस दुपारभर फरशीवर राहायचा, आता कुणीतरी वेळेत पोचायचं. ज्यांना नंबर लागत नाही म्हणून परत पाठवलं जायचं त्यांच्या दारातही कुणीतरी उभं राहू लागलं. इतर शहरांतून विचारणा आली. मयूरीला बढती मिळाली, आणि तिला ती आपल्या हक्काची वाटली.

शहरातले बहुतेक मदतनीस कंपनीत सामावले गेले. इंदूही कंपनीत गेली, आणि मयूरीने बाबांसाठी कंपनीकडेच नाव नोंदवलं. मयूरीने मनाशी धरलं होतं, की इंदूचं घर जवळ आहे तेव्हा बहुतेक वेळा तीच आपल्याकडे येईल. पण डिस्पॅचरला ‘बहुतेक वेळा’ हा शब्द माहीत नव्हता. पहिल्या दिवशी समीर नावाचा मुलगा आला. दुपारी एक उंच बाई आल्या. संध्याकाळी तिसरंच कुणी. सगळ्यांनी दारातून आत येताच इंदूचंच वाक्य म्हटलं, की आज तुमचा वीकली ऑफ आहे, साहेब. बाबा प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत राहिले.

“इंदू कुठी हाय?” ते विचारायचे. मण्याने सुचवलेली उत्तरं मदतनीस द्यायचे. ती बाजारात गेली, येईलच. बाबा दाराकडे तोंड करून बसायचे. मग त्यांनी जेवण टाकलं. घास तोंडात धरून ठेवायचे, गिळायचे नाहीत. चेहरा बारीक झाला. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही बिघाड नाही, कुणाची तरी वाट पाहताहेत, तेवढं पाहा.

मयूरीने हस्तकांना न सांगता एक गोष्ट केली. सर्व्हरमध्ये दुरुस्तीसाठी एक सोय असते. तपासणी करायची असली की एखादा कामकरी एकाच वापरकर्त्याला बांधून ठेवता येतो. तेवढा वेळ तो डिस्पॅचरला दिसतच नाही, रांगेतली कुठलीही विनंती त्याच्याकडे जात नाही. तिने सकाळच्या पाळीत इंदूला आपल्या घराशी बांधलं. कारण म्हणून ‘चाचणी’ असं टाकलं.

इंदूला वाटलं, योगायोगाने आपल्याला रोज हेच घर मिळतंय. ती खुशीत होती. पहिल्या सकाळी बाबांनी तिचा हात धरला तो सोडेचनात. नंतर ते जेवू लागले. आठवड्याभरात त्यांनी मयूरीला नावाने हाक मारली, जे बऱ्याच महिन्यांत झालं नव्हतं. मयूरी त्या दिवशी ऑफिसला जाताना रस्ताभर रडली, आणि ते सुखाचं रडणं होतं.

मग मे महिना आला. त्या वर्षीचा उन्हाळा नागपूरकरांनाही सोसेना. सकाळपासूनच झळा लागायच्या आणि मदतीच्या विनंत्या ढिगाने यायच्या. अशाच एका सकाळी अर्ध्या शहराची वीज गेली. मयूरीच्या पडद्यावर रांग फुगत गेली. सगळे कामकरी व्यग्र, एकही मोकळा नाही. ती शांत होती. असे प्रसंग तिने हाताळले होते. तातडीच्या विनंत्या वर घ्यायच्या, कमी तातडीच्या मागे ढकलायच्या. रांगेच्या टोकाला एक विनंती लाल झाली आणि बराच वेळ लालच राहिली. सुमतीबाई गजभिये, ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलंय, घरात सून एकटी, भरलेला सिलिंडर आहे पण तिला जोडता येत नाही. डिस्पॅचर आसपास माणूस शोधत होता. त्याने लांबच्या वस्तीतून एकाला पाठवलं. तो पोचायच्या आतच ती ओळ करडी झाली. करडी म्हणजे विनंती बंद.

पत्ता मयूरीच्या लक्षात आला नव्हता. संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा कळलं, की सुमतीबाई मागच्याच गल्लीतल्या होत्या आणि सकाळीच त्या गेल्या. इंदूची पाळी कधीच संपली होती, तरी ती ओसरीवर बसून होती. चेहरा उतरलेला.

“ताई, मले आवाज आला होता,” ती म्हणाली. “मागच्या गल्लीत त्यांची सून बोंबलून राहिली होती. मी खिडकीत गेली. कानातला मणी गप होता. म्हटलं, कोणाले तरी पाठवलंच असंल. आपल्याले सांगतील तवा जाऊ.”

मयूरी तिच्यासमोर खाली बसली.

“सिलिंडर मले जोडता येते,” इंदू म्हणाली. “मी शिकली ना ते.”

मणी का गप्प होता हे मयूरीने तिला सांगितलं. लपवण्याचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही, पण समोर इंदूचा तो चेहरा होता. तिने सगळं सांगितलं. बांधून ठेवणं म्हणजे काय, तपासणीची सोय म्हणजे काय, बाबांनी जेवण टाकलं होतं तेव्हा आपल्याला दुसरं काही सुचलं नाही, हेही.

इंदू रागावली नाही. 

“म्हणजे मी मोकळीच होती,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “तुम्ही मले विचारलं असतं तर म्या सांगितलं असतं, ताई. राहीन म्हणली असती इथंच. पण आवाज आल्यावर पळत गेली असती. बाबा थांबले असते तेवढं.”

उठताना तिने एकच मागितलं. आपल्याला पुन्हा या घरी पाठवू नका. त्या खिडकीपाशी उभं राहणं आता जमायचं नाही. मयूरीने मान हलवली. असं काही सर्व्हरला सांगता येत नाही, हे तिच्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती हस्तकांकडे गेली आणि सगळं बोलली. राजीनामाही लिहून नेला होता. हस्तकांनी तो उघडला नाही. ते खिडकीबाहेरच्या तापलेल्या मैदानाकडे पाहत होते. सुमतीबाईंच्या घरून तक्रार आलेली नव्हती. त्या वयाच्या बाई, तशी प्रकृती, तसा उन्हाळा, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

“माझी आई अकोल्याला असते,” ते म्हणाले. “तिच्याकडे एक मुलगी यायची, वैशाली म्हणून. तिला बांधून टाकावं असं मलाही फार वाटलं होतं. मी केलं नाही, कारण मला ते कसं करतात हे ठाऊक नव्हतं. एवढाच आपल्यात फरक.”

मग त्यांनी तिला सांगितलं, की ती सोय काढून टाक. कुणालाच बांधता येऊ नये. मयूरीने ते काम स्वतः केलं. प्रोग्रामच्या थोड्याशाच ओळी होत्या. त्या पुसल्यावर सर्व्हर आधीपेक्षा किंचित वेगाने चालू लागला.

सुमतीबाईंच्या घरी ती एकदा गेली होती. फाटकाशी उभी राहिली. आत सून कपडे वाळत घालत होती, तिने कोण पाहिजे म्हणून विचारलं. मयूरीने पत्ता चुकला असं सांगितलं आणि ती परतली.

बाबांचं काय होणार, याची भीती तिला उन्हाळाभर खात होती. ते पुन्हा जेवण टाकतील, दाराकडे बघत बसतील, आणि या वेळी आपल्या हातात काहीच नसेल. पहिले काही दिवस तसंच झालं. पण मधल्या काळात मणीही सुधारला होता. संदर्भ आता शब्दांपुरता राहिला नव्हता. कोणत्या लयीत बोलायचं, कुठे थांबायचं, चमचा कोणत्या बाजूने पुढे करायचा, उठवताना हात खांद्याला लावायचा की दंडाला, हे सगळं तो शिकवायचा. समीर असो, त्या उंच बाई असोत की आणखी कुणी, बाबांच्या खोलीत शिरल्यावर सगळे सारखेच वागू लागले. बाबांच्या डोळ्यांना चेहरे फारसे धरून ठेवता येत नव्हते. त्यांना कळायची ती लय, तो हात, आणि कालच्या गोष्टीचा पुढचा धागा.

पावसाळा सरता सरता ते खुलले. त्यांच्या दृष्टीने आता त्यांच्याकडे एकच कुणीतरी यायचं, जे कधी रजेवर जात नव्हतं, कधी थकत नव्हतं आणि काहीच विसरत नव्हतं. ते त्याला बेटा म्हणायचे. इंदूचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. वजन वाढलं, झोप लागू लागली. डॉक्टर खूश झाले.

मयूरी संध्याकाळी घरी यायची तेव्हा बाबांच्या खोलीतून बोलण्याचा आवाज यायचा. दारात ती दिसली की बाबा बोलायचे थांबायचे, सभ्यपणे तिच्याकडे पाहायचे. पाहुण्यासमोर थांबावं तसं. ती काही विचारायची, ते हो-नाही म्हणायचे. ती आत गेली की बोलणं पुन्हा सुरू व्हायचं. ते काय बोलतात हे तिला माहीत नव्हतं. कंपनीच्या नियमाप्रमाणे एखाद्याचा संदर्भ नातेवाइकांना उघडून दाखवता येत नव्हता. तो नियम करताना तीही बैठकीला होती, आणि तिला तो योग्य वाटला होता.

हिवाळ्यात एक दिवस तिने रजा घेतली. त्या दिवसापुरत्या बाबांच्या सगळ्या भेटी तिने बंद ठेवल्या. आज आपणच त्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, दुपारी उन्हात खुर्ची टाकून जवळ बसायचं, असं तिने ठरवलं होतं.

सकाळ कशीबशी गेली. आंघोळीच्या वेळी तिने दंड धरला तेव्हा बाबा दचकले. घास तिने चुकीच्या बाजूने पुढे केला. उन्हात बसल्यावर मात्र ते जरा सावरले आणि तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, “मंग? कुठवर आलो होतो आपण?”

मयूरीने विचारलं, कशाबद्दल बाबा?

“अरे, तेच ना. काल राहिलं ते.”

तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, वीज केंद्राबद्दल? तुमच्या मित्रांबद्दल? बाबा मान हलवत राहिले. तिने गावाचं नाव घेतलं, आजीचं घेतलं.  खुर्चीचे हात त्यांनी गच्च धरले. “बेटा कुठी गेला?” ते म्हणाले. “तू कोण होय? त्याले बोलाव.” ती जवळ सरकली तशी त्यांनी तिला ढकललं. मग ते मोठ्याने हाका मारू लागले, आणि त्या हाकांना कुणाचं नाव नव्हतं.

कंपनीतल्या प्रत्येकाकडे एक मणी असायचा. अडीअडचणीला ऑफिसातल्या माणसांनीही पाळी करावी असा दंडक होता, आणि सगळ्यांचं प्रशिक्षण झालेलं होतं. मयूरी आत गेली. कपाटातून मणी काढून तिने कानात बसवला, ओळखपत्र गळ्यात घातलं आणि आपली नोंद मोकळी अशी केली. बंद केलेल्या भेटी तिने पुन्हा चालू केल्या. विनंती रांगेत गेली आणि सर्वांत जवळची म्हणून तिच्याचकडे आली.

ती बाहेर येऊन बाबांच्या डाव्या बाजूला बसली. कानात एक मृदू आवाज बोलू लागला. हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवा. थांबा. आता म्हणा.

“मग आकाशवाणीवरून बोलावणं आलं ना कुसुमताईंना,” मयूरी म्हणाली. म्हणताना तिचाच आवाज तिला परका वाटला. आईचं आकाशवाणीशी काही नातं होतं हे तिला माहीत नव्हतं.

बाबांचा चेहरा सैल झाला. “हाव,” ते म्हणाले. “बोलावणं आलं. आवाजाच्या परीक्षेत ती पास झाली होती.”

आणि ते सांगू लागले. कुसुम लग्नाआधी गाणं शिकलेली होती. लग्नानंतर एकदा ते दोघं गुपचूप परीक्षेला जाऊन आले. निवड झाली. घरात कळलं तेव्हा पुंडलिकांच्या आईने जेवण सोडलं. घरातली सून रेडिओवर गाणार नाही, म्हणाली.  कुसुम फक्त नवऱ्याकडे पाहत राहिली.

पुढचं वाक्य मण्याने दिलं, तसं मयूरीने विचारलं, “मग तुम्ही काय म्हणालात, साहेब?”

“मी गप बसलो,” बाबा म्हणाले. “बेटा, मी गप बसलो ना. ती त्याच्यानंतर कधीच गायली नाही. पोरीले झोपवतानाही नाही.”

मयूरीने आठवून पाहिलं तरी तिला आईचं गाणं आठवेना. आई गुणगुणतेय असंसुद्धा काही तिच्याजवळ नव्हतं. ती काहीतरी बोलणार होती, पण कानातला आवाज म्हणाला, थांबा, त्यांना रडू द्या. ती थांबली. बाबा थोडं रडले आणि मग त्यांनी तिचा हात हातात घेतला.

“माह्या पोरीले नको सांगजो,” ते म्हणाले. “तिले माहीत नाही हे. सांगाव वाटते कधी कधी. पण तिले वेळ नसते.”

मयूरीला मणी काढून फेकून द्यावासा वाटला. बाबा, मीच आहे, असं म्हणावंसं वाटलं. पण तो काढला की काय होईल हे तिने मघाशीच पाहिलं होतं. बाबांनी धरलेला हात तिचा नव्हता, बेटाचा होता, आणि तो तिने ओढून घेतला असता तर त्यांच्या हाती काहीच उरलं नसतं.

“नाही सांगणार,” ती म्हणाली. हे वाक्य मण्याने दिलं की तिचं तिनेच म्हटलं, हे तिला नंतरही ठरवता आलं नाही.

बाबा पुढे बोलत राहिले. काही वेळाने कानात वेगळा सूर वाजला. आपली वेळ संपली, संदर्भ साठवला आहे, पुढची विनंती दोन चौक पलीकडे, मालतीबाई देशकर, वय झालेलं, एकट्या, दुपारचं खाणं राहिलंय. मयूरीच्या लक्षात आलं की मोकळी अशी नोंद केली म्हणजे आपण रांगेपुढे उभे राहिलो. नकार देता येत होता. नकार दिला की विनंती पुन्हा रांगेच्या टोकाला जायची. ती तशीच बसून राहिली. बाबांचा हात अजून तिच्या हातात होता. मग पडद्यावर बराच वेळ लाल राहिलेली ती ओळ तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि ती उठली.

फाटक वाजलं. पुढची मदतनीस आली होती. इंदू.

पुन्हा या घरी पाठवू नका, हे तिचं मागणं सर्व्हरपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. दारात चपला काढून तिने हात धुतले. बाबांनी चपलांच्या त्या आवाजाकडे मान वळवली नाही. इंदूने मागच्या खिडकीकडे पाहायचं टाळलं आणि मयूरीकडे पाहिलं. दोघींच्या कानात मणी होते.

“तुमचं झालं ना, ताई?” इंदूने विचारलं. पाळी बदलताना सगळे मदतनीस एकमेकांना हेच विचारायचे.

मयूरी हो म्हणाली. इंदू बाबांच्या डाव्या बाजूला बसली, गुडघ्यावर हात ठेवला, आणि बाबा जिथे थांबले होते तिथून पुढे बोलू लागले. मधे एका क्षणाचाही खंड पडला नाही. इंदू त्यांच्या तोंडाकडे एकटक पाहत होती. त्यांनी एकदा तरी ओळखावं म्हणून ती पाहत असावी. ते ओळखणार नव्हते, आणि हे तिलाही कळत होतं.

मयूरी दोन चौक चालत गेली. मालतीबाई देशकरांचं दार नुसतं लोटलेलं होतं. पलंगावर उशीला टेकून त्या बसल्या होत्या. चष्म्याची काच जाड, केस विरळ, अंगावर स्वच्छ गाऊन. मयूरी याआधी या घरी कधी आलेली नव्हती. तिने मण्याने सांगितल्याप्रमाणे पडदा अर्धा सरकवला, स्वयंपाकघरातून चिरलेल्या पपईची ताटली आणली आणि उजव्या बाजूला स्टूल ओढून घेतलं.

“आलीस?” मालतीबाई म्हणाल्या. “मी काळजीत होते. तुझ्या वडिलांचा ताप उतरला का गं?”

काल जी कुणी इथे बसली होती तिने आपल्या वडिलांबद्दल सांगितलं असणार. तिचं नाव संदर्भात नव्हतं. त्याची गरजही नव्हती. उतरला, आता बरे आहेत, असं म्हणा, मणी म्हणाला.

“उतरला,” मयूरी म्हणाली. “आता बरे आहेत.”

“बरं झालं,” मालतीबाई म्हणाल्या. “म्हातारं माणूस घाबरतं. मला भरवून झालं की आज सरळ घरी जा. त्यांच्याजवळ बस जरा. वाट पाहत असतील.”

 कानातला आवाज गप्प झाला होता. यावर पुढे काय म्हणायचं, ते कुणीच ठेवून गेलं नव्हतं. तिने पपईचा एक तुकडा काट्याला लावला आणि त्यांच्या तोंडाशी धरला.